वकीलबाईंचा शुक्रवार

वकीलबाई वकील नव्हत्या. कोर्टाची पायरी त्या कधी चढल्याच असतील, तर कुणाशी तरी भांडण झालं म्हणूनच. त्या मानसतज्ज्ञ होत्या. जवळपास कुणी नसताना काही माणसांना आवाज ऐकू येतात. ते आवाज शिव्या घालतात, हुकूम सोडतात, घरच्यांवर संशय घ्यायला लावतात. अशा माणसांशी बोलणं हे बाईंचं काम. आणि बोलून त्या काय करायच्या, तर त्या आवाजांना एकच प्रश्न विचारायला शिकवायच्या, "पुरावा काय?" भिवंडीतल्या टेमघरच्या त्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आम्हा नातेवाइकांना दाराआडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकू यायचा, की कुणीतरी त्यांना वकीलबाई म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं खरं नाव मागे पडलं ते पडलंच.

आवाजांकडे पुरावा मागणारी ही बाई स्वतः रागवायला मात्र पुराव्याची वाट बघत नसे. समोर जो सापडेल तो रागाचा धनी. बस उशिरा आली की कंडक्टरला, पंखा बंद पडला की दवाखान्याच्या शिपायाला, आणि शिपाई नसेल तर बाकावर बसलेल्या मला. एकदा स्टँडवरच्या रिक्षावाल्याने त्यांना विचारलं, "कहाँ जाना है मॅडम, पागलखाना?" बाई रिक्षात बसल्या आणि टेमघर येईपर्यंत त्याला फैलावर घेतलं. रिक्षावाला खोलीच्या दारात उतरला आणि बाकावरच्या आम्हा सगळ्यांना सलाम करून गेला. पुढे तो आपल्या मेव्हण्याला घेऊन त्याच बाकावर येऊन बसायला लागला.

खोलीच्या दाराशी एक नळ होता. बाई चपला काढायच्या, नळाखाली तोंड धुवायच्या आणि मगच आत जायच्या. पदराने पुसायच्यासुद्धा नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राग बाहेर ठेवून जाते. आत त्याचं काम नाही." आणि ते अक्षरशः खरं होतं. आत गेल्यावर त्यांचा आवाज इतका खाली यायचा की ही बाई तीच का, असं वाटावं. ज्यांच्यावर घरचे ओरडतात, शेजारी हसतात, त्या माणसांवर त्या एकदाही चिडलेल्या मी पाहिल्या नाहीत. बाकी सगळ्या जगावर चिडून त्यांनी तो हिशेब पुरा केला होता.

ती खोली एका अभ्यासासाठी उघडलेली होती. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेला बघायचं होतं, की अशा आजारात गोळ्यांच्या जोडीला असं बोलणं ठेवलं तर माणूस अधिक सुधारतो का. आमच्या भिवंडीतल्या माणसांना गोळ्याही आणि बाईंचं बोलणंही. शेजारच्या कोन गावाकडच्या माणसांना नुसत्या गोळ्या. सुरुवातीला सगळ्यांचा त्रास प्रश्न विचारून मोजून घेतला आणि वर्षाने पुन्हा मोजायचा ठरला. आमची माणसं जास्त सुधारलेली निघाली, तर खोली कायमची राहणार होती आणि कोनलाही तशीच एक उघडणार होती. नाही निघाली, तर खोली बंद. हे आम्हाला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलेलं होतं, आणि तेव्हापासून आम्ही सगळे परीक्षेला बसल्यासारखेच होतो.

माझा धाकटा भाऊ जना त्या परीक्षेला बसला होता. आमचं घर टेमघरचंच. वडिलांनी शेतावर यंत्रमागाचा कारखाना टाकला, आणि कारखान्याची भिंत ती घराची भिंत. जना चांगला कारागीर होता. विशी ओलांडली आणि त्याला एक माणूस बोलायला लागला. जनाने त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं, कारण तो सारखा कामाला लावायचा आणि कामात चुका काढायचा. तू फुकटखाऊ आहेस, तुझ्यामुळे घर बुडतंय, आईने भाकरीत काहीतरी घातलंय, असं तो बोलायचा. जनाने भाकरी सोडली. अंगाची काडी झाली. आम्ही भगत केला, इंजेक्शनं केली, गोळ्या केल्या. गोळ्यांनी तो झोपायचा, मुकादम झोपायचा नाही.

पहिल्या दिवशी आमचे काका बरोबर होते. त्यांनी बाईंसमोरच जनाला समजावलं, "काय न्हाय रे, मनाचं खेल हाय सगला. मनावर घेव नको." झालं. बाई दारातूनच कडाडल्या. "तुमची दाढ ठणकली तर मी म्हणू, मनावर घेऊ नका? त्याला ऐकू येतंय. ऐकू येतंय हे खरं आहे. आवाज जे बोलतो ते खरं की खोटं, तेवढंच आपल्याला बघायचंय." काका पुन्हा तिकडे आले नाहीत. जना मात्र बाईंकडे टक लावून बघत राहिला. ऐकू येतंय हे खरं, असं त्याला तोपर्यंत कुणीच म्हटलं नव्हतं.

मुकादमाची तपासणी सुरू झाली. तो म्हणतो भाकरीत विष आहे, मग पुरावा काय? पुरावा बघायचा कसा? बाईंनी जनाला घरून डबा आणायला सांगितला. आईने भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. जन्मात मासळीला न शिवलेल्या त्या बाईने अर्धी भाकरी मोडून चटणीशी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं. "आता उद्या बघ मी आहे की गेले," असं म्हणून त्या एसटीला गेल्या. दुसऱ्या दिवशी जना वेळेआधी जाऊन बाकावर बसला. बाई रस्त्याच्या टोकाला कुणावर तरी ओरडत येताना ऐकू आल्या आणि माझा भाऊ हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. त्या दिवशी घरी येऊन त्याने आईसमोर बसून भाकरी खाल्ली आणि आई चुलीकडे तोंड करून रडत राहिली.

मुकादम गेला नाही. जाईल असं बाईंनी कधी सांगितलंही नव्हतं. "बोलू दे त्याला. त्याला तोंड आहे, हात नाहीत," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. शफी नावाचा एक कारागीर त्यांच्याकडे यायचा. त्याची आई, जिला आम्ही सगळे खाला म्हणायचो, हे वाक्य बाकावर बसून माळेसारखं जपायची. "उसको हाथ नहीं, उसको हाथ नहीं." मग माझ्याकडे वळून म्हणायची, "मॅडम चिल्लाती बहुत है, पण माझा पोरगा रात को सोता है अब."

एक गोष्ट बाईंना उलगडत नव्हती. मुकादम कधी जोरात बोलतो, कधी हळू, त्याचा मेळ बसेना. जनालाही सांगता येईना. म्हणून एक दिवस त्या कारखान्यातच आल्या. माग चालू असले की आमच्याकडे शेजारच्या माणसाशीही ओठांच्या हालचालीने बोलावं लागतं. बाई दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीला चिकटून उभ्या होत्या. जना मजेत काम करत होता. तेवढ्यात लाइट गेली. एकापाठोपाठ एक माग थांबले आणि कारखाना चिडीचूप झाला. आम्ही सगळे हायसं वाटून घाम पुसायला लागलो. बाई जनाकडे बघत होत्या. त्याची मान खाली गेली होती, आणि जबडा आवळला होता. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "मागांच्या आवाजाखाली दबतो मुकादम," त्या म्हणाल्या. "शांत झालं की चढतो. तुमचे माग सुट्टीला कधी बंद असतात?"

शुक्रवारी. भिवंडीत माग शुक्रवारी बंद. सगळ्या गावाला त्या दिवशी कान असल्याची आठवण होते. बाईंनी आपल्या बाकीच्या माणसांनाही विचारलं. जो जो कारखान्यात काम करत होता, त्याचा त्याचा शुक्रवार वाईट होता. मग त्यांनी प्रत्येकाला शुक्रवारचं काहीतरी ठरवून दिलं. शफीने मोठ्याने कव्वाली म्हणायची. जनाने खांद्यावर ट्रान्झिस्टर टाकून खाडीवर जायचं आणि तोंडाने काही ना काही गुणगुणत राहायचं. शुक्रवारी त्याला घरात एकटा बसू द्यायचा नाही, ही तंबी मला. जना सुधारला. मुकादमाला "पुरावा दाव" म्हणायला शिकला. चुलतभावाच्या हळदीला बेंजोच्या बँडपुढे नाचला, आणि माझी आई जावांना सांगत सुटली की बघा, माझा जना नाचतोय.

वर्ष भरलं. मोजायला मुंबईहून नवीन माणसं येणार होती. त्यांनी कुणाला काय उपचार मिळाला हे माहीत न करून घेता मोजायचं आणि बाईंनी त्या दिवशी फिरकायचंसुद्धा नाही, असा नियम. नियम शहाणपणाचा होता, हे मी आजही म्हणते. ज्याने शिकवलं त्यानेच पेपर तपासू नये. दिवस कुठला, हेही बाईंना कळवलेलं नव्हतं. संस्थेने परस्पर ठरवलं. कारागिरांचा खाडा होऊ नये म्हणून त्यांनी आमच्या सोयीचा दिवस काढला. सुट्टीचा. शुक्रवारचा.

पहिली मोजणी कामाच्या दिवशी झाली होती, एकेकाला जेवणाच्या सुट्टीत बोलावून, आजूबाजूला माग धडधडत असताना. ही दुसरी एका शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये होती. ट्रान्झिस्टर दारातच ठेवायला लावला. शांतता पाळा, अशी पाटी होती, आणि सगळे ती पाळत होते. दुपार होईपर्यंत माझा भाऊ त्या शांततेत बाकावर बसून होता. गुणगुणायला लागला की एक मुलगी नम्रपणे ओठांवर बोट ठेवायची. नंबर आला तेव्हा तिने विचारलं, आवाज अजून येतात का? जना म्हणाला, "येतंत. आता तर लय बोलतंय." किती त्रास होतो? "लय." त्याला बाईंनी खरं सांगायला शिकवलं होतं, आवाजाची लाज धरू नये असं शिकवलं होतं. तो खरं बोलला. शफीही खरं बोलला.

कोनची माणसं दुसऱ्या बाकावर होती. शेतीची, खाडीची, गोदामातली माणसं. त्यांना शुक्रवार काय आणि बुधवार काय. त्यांतले एक आजोबा मला हळूच म्हणाले, "येतंय म्हटला तं गोल्या वाढवतंत. म्हनून न्हाय सांगायचा." ते आत गेले, न्हाय म्हणाले आणि बाहेर आले.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं. शाळेचा हॉल, चहाबिस्किटं, नम्र मुलगी. "वार?" त्यांनी विचारलं. "शुक्रवार." मला वाटलं आता भिंती हादरतील. पण बाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या ओरडल्या नाहीत हे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

मुंबईला त्यांच्या मोठ्या साहेबांकडे त्या मला घेऊन गेल्या. मी शाळेत शिकवते, मला नीट बोलता येतं, म्हणून मला नेलं. बोलायची वेळ आलीच नाही. साहेब सज्जन होते. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमची तळमळ मी समजू शकतो."

"तळमळ नाही हो. मी वार सांगतेय. शुक्रवार."

"वर्षभराच्या कामाचा परिणाम एका वाराने पुसला जात असेल, तर तो परिणाम कसला?"

"पहिल्यांदा वजन केलंत उपाशीपोटी आणि आता करताय जेवण झाल्यावर. आणि म्हणताय माणूस जाड झाला."

साहेब हसले. खरंच हसले, आवडल्यासारखे. मग म्हणाले, "पण कोणत्या बाजूला कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं म्हणणं मी धरलं, तर उद्या अभ्यासाला अर्थ राहणार नाही. आणि शुक्रवारी आवाज वाढतात, याला पुरावा काय?"

तो प्रश्न ऐकून मी बाईंकडे बघितलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "हाच प्रश्न विचारायचा असतो साहेब," त्या म्हणाल्या. "फक्त विचारल्यावर बघायला जायचं असतं. या शुक्रवारी भिवंडीला चला. कारखान्यात उभे राहा. मग शनिवारी परत तिथेच उभे राहा. तुम्हीच ठरवा."

साहेबांनी समोरची डायरी उघडली, त्यात बघितलं, तर शुक्रवारी त्यांची मीटिंग होती. शनिवारीही काहीतरी होतं. भिवंडी काही लंडनला नाही. पण त्या खुर्चीवरून उठून आमच्या गावाला येण्याइतकी गरज त्यांना वाटली नाही, आणि मला त्यांचा जो राग आहे तो याचा आहे. चुकले म्हणून नाही. कुणीही चुकतं. माझा भाऊ डोक्यात शिव्या वाजत असताना उठून पुरावा बघायला शिकला. यांच्या डोक्यात तर काही वाजत नव्हतं.

निकाल लागला. बोलण्याचा उपयोग दिसून आला नाही, असं ठरलं. खोली बंद करायचा हुकूम आला. बाईंनी वरपर्यंत भांडून बघितलं. शेवटी त्यांना सांगण्यात आलं की तुमचा स्वभाव संशोधनाला योग्य नाही. ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली आणि म्हणाल्या, "एवढं एक खरं बोलले."

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे बाकावर होतो. खाला सारखी डोळे पुसत होती. बाई नेहमीसारख्या आल्या, चपला काढल्या. शिपायाला, बस कंपनीला, कुणालाच काही बोलल्या नाहीत. चेहरा ओला होता. त्या आत गेल्या आणि मी नळाकडे बघितलं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.

जनाचा नंबर आला तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. जना म्हणाला, "मॅडम, आता मुकादमाशी भांडनार कोन?"

"तू."

"मना जमंल?"

"कोण म्हणतं जमणार नाही? मुकादम ना? त्याला पुरावा विचार." मग त्या बाहेर आल्या आणि माझ्यावर ओरडल्या, शेवटचं. शुक्रवारी त्याला एकटा सोडलात तर बघा, ट्रान्झिस्टरचे सेल आणून ठेवत जा, हयगय करू नका. मी हो हो म्हणत होते, आणि मला ते ओरडणं संपूच नये असं वाटत होतं.

त्यांना लांब कुठेतरी नोकरी मिळाली. पहिले काही महिने शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. जना कानाला रिसीव्हर लावून खाडीकडे तोंड करून उभा राहायचा. मग त्यांचा नंबर बदलला असावा, किंवा आमचा बदलला तेव्हा चुकामूक झाली. शफीला पुन्हा रात्रीची झोप येईना. खालाने त्याला लांबच्या एका ठिकाणी नेऊन ठेवलं. तिथे पायात साखळी घालतात. तो परत आला तो कव्वाली विसरून आला. कोनचे आजोबा न्हाय न्हाय म्हणतच असतील. त्यांच्यासाठी उघडायची खोली कधी उघडलीच नाही. आणि कुठल्यातरी कपाटात एक अहवाल आहे, त्यात लिहिलंय की माझ्या भावाला आणि शफीला बोलण्याचा काही उपयोग झाला नाही.

जना काम करतो. भाकरी खातो. शुक्रवारी खाडीवरून परत येताना कधीकधी दारातच थांबून कुणाला तरी दटावतो, "पुरावा दाव न मग बोल." नवीन कारागीर दचकतात. जुने सांगतात, मुकादमाला बोलतोय, चालू दे.

गेल्या वर्षी फोन आला. एक तरुण मुलगा होता, आवाज फार गोड. त्याच संस्थेतून बोलत होता. नवीन अभ्यास सुरू करतायत, पूर्वीच्या लोकांना भेटायचंय, जनार्दनला थोडे प्रश्न विचारायचेत. "ताई, तुमच्या सोयीने येतो. तुमच्याकडे शुक्रवारी सुट्टी असते ना? मग या शुक्रवारीच येऊ का?"

मी उभी राहिले. घरात माझी भाची अभ्यास करत होती, ती उठून बाहेर गेली. मी त्या पोराला काय काय बोलले, ते मला सगळं आठवत नाही. मागच्या भिंतीपलीकडे माग चालू होते, आणि मी मागांवरून ऐकू जाईल अशी ओरडत होते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तेव्हा तो शाळेत असेल. पण समोर तो सापडला होता.

फोन ठेवला तेव्हा जना कारखान्याच्या दारात उभा होता, हातात सुताच्या कांड्या घेऊन. ओठांनीच त्याने विचारलं, कोन? मी ओठांनीच सांगितलं, मोजणीवाले. सोमवारी येणार. माग चालू असताना.

जना माझ्याकडे बघत राहिला. मग पुढे आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "ताय, तोंड धुवून ये."